फोडलेले पुडे, राखलेले डबे

गेल्या अंकात मी तुम्हाला एक काम सांगितलं होतं. फडताळ, फ्रिजचा दरवाजा, शोकेस, कपाटाचा वरचा कप्पा, जिथे जिथे चहा दडलाय तो सगळा एकदा बाहेर काढा आणि मोजा. फोडलेले किती, न फोडलेले किती, एवढंच कळवा. पत्रं वाचताना मला आमच्या दुकानातली संध्याकाळ आठवली. गिऱ्हाईक चहा घ्यायला यायचं आणि आपल्या घरातल्या चहाबद्दल सांगत अर्धा तास उभं राहायचं.

मी स्वतःही ओट्यावर मांडून मोजले. अकरा फोडलेले, चार बंद. फोडलेल्यांत रोजचा दाणेदार आसाम आणि त्यात मिसळायचा निलगिरी डस्ट. दार्जिलिंगचे तीन, कांगड्याचा एक हिरवा, मोगऱ्याचा चिनी, धुराच्या वासाचा लापसांग सुशाँग, अर्ल ग्रे, थोडा पांढरा चहा आणि पू-अरची अर्धी वडी. अकरा हे माझ्या मते जास्तच आहेत. दोन माणसांच्या घरात एका वेळी चार फोडलेले पुरेत. हे मनात धरूनच पुढची उत्तरं लिहिली आहेत.

ताई, तुमचं ऐकून मोजले. तेवीस! त्यांतले सतरा फोडलेले. कामासाठी फिरते, जाईन तिथला चहा आणते, दोन-तीनदा पिते, तोवर नवा येतो. नवरा म्हणतो, आता एक संपल्याशिवाय दुसरा घरात आणायचा नाही. मला सांगा, आधी कोणता संपवू? आणि कोणता पार गेलाय हे कसं ओळखू? (डोंबिवली)

अगं, तेवीस चहांचं मला काही वाटलं नाही. सतरा फोडलेले आहेत, ते मात्र मनाला लागलं.

कारखान्यातल्या ड्रायरमधून चहा बाहेर पडतो तेव्हा त्यात साधारण ३ टक्के ओलावा असतो. पान इतकं कोरडं असतं की पुडा फोडल्या क्षणापासून ते हवेतलं पाणी ओढायला लागतं. ओलावा ६-७ टक्क्यांच्या वर गेला की चहा सादळला म्हणायचा. कोऱ्या चहात जो तरतरीतपणा लागतो, जिभेच्या कडांना हलका चटका बसल्यासारखा, तो थिआफ्लाविन नावाच्या घटकांमुळे असतो. साठवणीत ते कमी कमी होत जातात आणि ओलावा असला की भराभर जातात. रंग उरतो, जीव जातो. पातेल्यात चहा काळाभोर दिसतो आणि तोंडात पाणचट लागतो तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट वासाची. चहासारखा दुसऱ्याचा वास ओढून घेणारा जिन्नस वाण्याच्या दुकानात दुसरा नसेल. आमच्या दुकानात ३२ वर्षांत कधी उदबत्ती लावली नाही. हे सकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे, बस. शेजारी डंक होता. एप्रिल-मेमध्ये लोक वर्षाचा मसाला कुटायला आणायचे. डंकाचा पहिला ठोका ऐकू आला की आम्ही हातातलं काम टाकून आधी सगळ्या डब्यांची झाकणं दाबायचो. एवढं जपूनही १९९८ साली माझ्याच हातून अर्धा किलो उत्तम दार्जिलिंग गेलं. घरी आणून लोखंडी कपाटात ठेवलं होतं. खालच्या कप्प्यात शालू आणि डांबरगोळ्या. पुडा फोडलेला होता, वर नुसती घडी घालून रबर लावलेलं. आठ दिवसांनी कपात डांबरगोळीच आली. तो चहा कुणाला देण्यासारखा राहिला नाही, झाडांनाही घालवेना. दार्जिलिंगमधल्या कामगार बायका एकेक कोंब खुडून तो गोळा करतात, मला तेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

याच गुणाचा चिनी लोकांनी फार सुंदर उपयोग केला आहे. फुजियान प्रांतातल्या फुचौमध्ये मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या दिवसा खुडतात. रात्री त्या उमलायला लागल्या की त्यांचे आणि चहाचे थर लावतात. रात्रभर पान वास पितं, सकाळी फुलं चाळून काढतात, पुढल्या रात्री नवी फुलं. चांगल्या चहाला असे कितीतरी थर देतात. म्हणजे तुझ्या फडताळात हिंगाच्या डबीशेजारी जे घडतं, तेच तिथे मुद्दाम, मोगऱ्याबरोबर घडवतात.

आता कोणता आधी. सगळ्यांत आधी हिरवा चहा, आणि दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश असेल तर त्याच्या जोडीने तो. फर्स्ट फ्लश म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधली वर्षाची पहिली तोडणी. ही पानं फार सुकवतात आणि कमी आंबवतात, म्हणून पुड्यातसुद्धा हिरवट दिसतात आणि फुलासारखा वास देतात. तो वास सगळ्यांत आधी उडतो. फोडल्यावर दोन महिन्यांत संपव. पुड्यावर डीजे आणि पुढे आकडा दिसला, तर तो त्या मळ्याचा त्या हंगामातला लॉट क्रमांक असतो. डीजे-१ म्हणजे वर्षाचा पहिला लॉट. लोक हौसेने घेतात आणि जपून ठेवतात, तेच चुकतं. जपण्यासाठी तो केलेलाच नसतो.

मग टी बॅग. त्यांत बारीक चुरा असतो, हवा लागायला जागा जास्त, त्यामुळे त्या लवकर उतरतात. कागदी पाकिटातल्या तर फारच लवकर. त्यानंतर अर्ल ग्रेसारखे वास दिलेले, कारण वरचं बर्गमॉटचं, म्हणजे एका लिंबाच्या जातीच्या फळाचं, तेल आधी उडून जातं आणि मागे साधा चहा राहतो. दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनचा, आणि आसामचा लांब पानांचा चहा दमाने पी. नीट बंद डब्यात ते वर्षभर साथ देतात. रोजचा दाणेदार सीटीसी, ज्याला आमच्या धंद्यात ममरी म्हणतात, तो आपल्या घरात पडून राहतच नाही. आणि पू-अर असेल तर त्याला घाई नाही. त्याचं पुढे सांगते.

गेलेला चहा कसा ओळखायचा? वास घेऊन नक्की कळत नाही, आपलं नाक त्या डब्याला सरावलेलं असतं. दोन सारखे पांढरे कप घे. एकात जुना, एकात त्याच जातीचा ताजा. चहा चाखण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत १९८० साली ठरली आहे: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकण ठेवून ६ मिनिटं. तसंच कर. दूध नाही, साखर नाही. गाळलेली पानंही बाजूला ठेव, ती गरम असतानाच हुंग. ताज्या चहाची ओली पानं तांबूस, उजळ दिसतात. गेलेल्याची मळकट, आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा. एकदा हे शेजारी शेजारी पाहिलंस की पुन्हा मला विचारावं लागणार नाही.

आणि नवऱ्याचं म्हणणं अर्धं मान्य कर. नवा चहा घरात येऊ दे, पण एक फोडलेला संपल्याशिवाय दुसरा फोडायचा नाही. बंद सहा राहू देत बंद.

काचेच्या सुंदर बरण्या घेतल्या आहेत. त्यांत वेगवेगळे चहा भरून खिडकीजवळच्या मांडणीवर ठेवले तर किती छान दिसेल! चालेल ना? (जालना)

नाही चालणार. उजेडाने चहा जातो, हिरवा तर फार पटकन. बरण्यांत डाळी भरा, त्याही सुरेख दिसतात. चहाला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा.

आमच्याकडे पावसाळ्यात मीठ, पापड, बिस्किटं सगळंच सादळतं. चहाही. तव्यावर जरा गरम केला तर पूर्ववत होतो का? शिवाय मुलीने आणून दिलेला ग्रीन टी वर्षभर तसाच पडून आहे, फोडलेला. चव गवतासारखी लागते. (रत्नागिरी)

तुमच्याकडच्या हवेत चहा ठेवणं ही खरी परीक्षा. आधी सवयींचं बोलू, कारण तुमचा चहा बहुतेक पावसाने सादळत नसावा, ओट्यावरच्या वाफेने सादळत असावा. आपल्याकडे चहा-साखरेचे डबे गॅसच्या वरच्या फळीवर असतात, हाताशी यावेत म्हणून. खाली पाणी उकळतं, वर आपण झाकण उघडतो, वाफ सरळ आत. काही जण तर डबा पातेल्यावरच वाकवतात. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला चारदा हे झालं तर महिन्यात शंभरावर वेळा चहाला वाफारा मिळतो. डबा गॅसपासून दोन हात लांब ठेवा. चमचा डब्यात कायमचा, कोरडा, आणि तो साखरेत जायचा नाही.

अर्ध्या किलोचा पुडा एकदम मोठ्या डब्यात ओतू नका. आठवड्यापुरता लहान डब्यात काढा आणि डबा काठोकाठ भरेल असा घ्या. मोठ्या डब्यात तळाशी मूठभर चहा म्हणजे वर सगळी दमट हवाच. उरलेला मूळ पुड्यात, हवा दाबून काढून, तोंड दुमडून, कपड्यांचे दोन चिमटे लावून, तो पुडा दुसऱ्या डब्यात. पूर्वी आमच्याकडे चहा प्लायवुडच्या खोक्यांतून यायचा. आत चंदेरी कागदाचं अस्तर असायचं, जाड आणि अखंड. खोकी रिकामी झाली की घर बदलणारी माणसं भांडी भरायला मागून न्यायची, पण अस्तर आधी आम्ही सोडवून घ्यायचो. पावसाळ्यात पुडे गुंडाळायला त्याच्यासारखं काही नव्हतं. आता माल जाड कागदी पोत्यांतून येतो, तरी आतला चंदेरी थर कायम आहे. तुमच्या पुड्यालाही तो असतो. म्हणून पुडा फेकून चहा डब्यात रिता करणं चूक.

तव्याचं म्हणाल, तर मंद आचेवर दोन मिनिटं परतलेला सीटीसी कुरकुरीत होईल, दुधाच्या चहाला चालून जाईल. उडालेला वास मात्र परत येणार नाही. कुबट वास येत असेल, किंवा पानावर पांढरी तार दिसली, तर परतू नका, चाळू नका, सगळा टाकून द्या.

तुमच्या ग्रीन टीवर मात्र चांगला उपाय आहे. जपानात हिरवा चहा भाजून त्याचा होजिचा करतात, तांबूस रंगाचा, खमंग. घरी जमतो. लोखंडी कढई स्वच्छ घासून, तेलाचा अंश न ठेवता, मध्यम तापवा. दोन-तीन चमचे पत्ती घालून कढई सतत हलवत राहा. आधी गवताचा वास येईल, मग पोह्यांसारखा, मग शेंगदाणे भाजल्यासारखा. पानं तपकिरी झाली की लगेच ताटलीत काढा, कढईत ठेवली तर जळतात. उकळतं पाणी घालून अर्धं मिनिट ठेवा आणि प्या. पावसात फार बरा लागतो. एका वेळी आठवड्यापुरताच भाजा.

मुलगा सैन्यात आहे, सध्या आसामात तिनसुकिया भागात. सुट्टीवर येताना त्याने बांबूचं एक काळपट नळकांडं आणलं. आत ठासून चहा भरलाय म्हणतो. तीन महिने झाले, दिवाणखान्यात ठेवलंय. फोडावं तर परत बंद कसं करायचं, आणि न फोडावं तर त्याचा उपयोग काय, अशा पेचात आहे. (नागपूर, निवृत्त शिक्षक)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या दिवाणखान्यात आहे तो फालाप. मार्घेरिटा, लेडो त्या बाजूला सिंगफो लोक राहतात, त्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा चहा. कोवळी पानं कढईत परततात, उन्हात वाळवतात, मग बांबूच्या नळीत ठासून ठासून भरतात आणि नळी चुलीच्या धुरावर धरतात. पुढे ती चुलीवरच्या माच्यावर ठेवून देतात. धुराने बांबू काळा होतो, आतला चहा आवळत जाऊन घट्ट कांडी होते. अशी नळी वर्षानुवर्षं टिकते.

तुम्ही शिकवण्यात आयुष्य घालवलंत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामात चहाचं हे झाड सिंगफो प्रमुख बिसा गाम यांच्याकडून कळलं. १८३९ साली आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. त्यानंतर मळे आले, कारखाने आले, तुमच्याआमच्या पातेल्यातला दाणेदार चहा आला. पण त्याच्या आधीपासून त्या जंगलात माणसं चहा करत होती आणि पीत होती, ती या नळीतला. मुलाने तुम्हाला फार मोलाची वस्तू आणली आहे. त्याला माझा आशीर्वाद कळवा.

आता फोडण्याबद्दल. बेधडक फोडा. लहान करवतीने वरचं दोन बोटं टोक कापा, बांबू उभा चिरू नका. आतली कांडी धारदार सुरीने सुपारी कातरावी तशी पातळ कातरा. तीन कपांना एक रुपयाएवढी चकती पुरते. पाणी उकळू द्या, चकती टाका, गॅस बारीक करून तीन-चार मिनिटं. सोनेरी, थोडा तांबूस रंग येईल. धुराचा वास येईल, तोंडात आधी किंचित कडवट आणि मग गोडसर. साखर घालू नका आणि दूध तर नकोच. तीच चकती दुसऱ्यांदाही चालते.

परत बंद करण्याची काळजी सोडा. हा चहा हवाबंद ठेवायचाच नसतो. कापलेल्या तोंडावर कोरडं सुती फडकं बांधा आणि नळी कोरड्या जागी, भिंतीपासून सुटी, टांगून ठेवा. तुमच्याकडचा उन्हाळा तिला मानवेल. जुलै ते सप्टेंबर तेवढं आठवड्याने एकदा फडकं सोडून वास घ्यायचा. आणि घरातले बाकीचे चहा तिच्यापासून लांब, नाहीतर सगळ्यांना धुराचा वास लागेल.

डोंबिवलीच्या मुलीला पू-अरचं सांगेन म्हटलं होतं, ते इथेच सांगते, कारण तो याच्याच नात्यातला. चीनमधल्या युन्नान प्रांतातला चहा, वाफवून दाबून केलेल्या गोल वड्या, एकेक ३५७ ग्रॅमची. सात वड्या बांबूच्या पातीत बांधून येतात. त्याच्या दोन तऱ्हा. शेंग म्हणजे कच्चा, जो वर्षानुवर्षं ठेवून मुरवायचा. शोऊ म्हणजे पिकवलेला. १९७३ च्या सुमारास कुनमिंगमध्ये पानांचे ढीग ओले करून, झाकून, लवकर पिकवायची रीत बसवली, तो हा. दोन्हींना थोडी हवा लागते, म्हणून कागदातच, पुठ्ठ्याच्या खोक्यात, स्वयंपाकघराबाहेर. मुंबई-कोकणात मात्र पावसाळ्याचे चार महिने मी ती वडी डब्यात कोंडते. तिथल्या रीतीत हे बसत नाही. पण एकदा बुरशीने अख्खी वडी गेलेली पाहिली आहे, पुन्हा नको.

सासूबाई चांगला चहा पाहुण्यांसाठी वेगळ्या डब्यात राखून ठेवतात. आम्ही रोज साधा पितो. गंमत अशी, की पाहुणे आले की राखलेलाच चहा बेचव लागतो. त्यांना कसं सांगू? (कोल्हापूर)

सांगू नकोस. दोन कप कर, एक राखलेल्याचा, एक रोजच्याचा, आणि कोणता कुठला हे न बोलता त्यांच्या हातात दे. ज्या बाईने पाहुण्यांचा मान म्हणून इतकी वर्षं डबा राखला, तिला चव कळतेच. पुढच्या वेळी चांगला चहा अर्ध्या किलोऐवजी १०० ग्रॅमच आणा. झाकणाच्या आत फोडल्याच्या तारखेची चिठ्ठी चिकटवा, आणि महिन्याभरात पाहुणे आले नाहीत तर रविवारी सगळ्यांनी मिळून प्या. तेव्हा कप पाहुण्यांचेच काढा.

दर भारतवारीत आमचा नेहमीचा चहा तीन किलो आणते. अर्धा बाहेर, अर्धा फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधला काढला की दोन आठवड्यांत खराब होतो. इथली हवा तर कोरडी! (न्यू जर्सी)

हवा कोरडी असली तरी थंडगार पुडा गरम स्वयंपाकघरात फोडलात की आत दव पडतं. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसंच. फ्रीजरमधून काढलेला पुडा फोडण्याआधी दिवसभर बाहेर राहू द्या, आणि एकदा फोडला की परत आत ठेवायचा नाही. खरं म्हणजे दाणेदार चहाला फ्रीजर लागतच नाही. पाव-पाव किलोचे बंद पुडे आणा आणि अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. तिथल्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरातली हवा चहाला आपल्या मुंबईपेक्षा कितीतरी मानवते. फ्रीजर हिरव्या चहासाठी राखा, तोही न फोडलेल्या पुड्यासाठी.

चहाचा मसाला चहातच मिसळून ठेवला तर? (सोलापूर)

नको. दळलेली वेलची-लवंग पंधरा दिवसांत मंदावते, चहाला मात्र तिचा वास कायमचा बसतो. मग साधा चहा प्यावासा वाटला तरी मिळत नाही. मसाला वेगळ्या डबीत, आणि सुंठ-वेलची लागेल तेवढीच कुटा. गवती चहाच्या पातींचंही तेच. कुंडीतून ताज्या कापा, डब्यात घालू नका.

ताई, आमच्या घरात न फोडलेला एकच पुडा आहे. दार्जिलिंगचा, १०० ग्रॅमचा, जून २०११ चा. बाबा निवृत्त झाल्यावर आई आणि ते दार्जिलिंगला गेले होते, तेव्हा त्यांनी आणला. तसे दोन होते, एक त्यांनी रोज सकाळी थोडा थोडा करून संपवला. दुसरा "कधीतरी" म्हणून राहिला. बाबा २०१९ मध्ये गेले. आई पुडा पुसून परत ठेवते. आता तो चांगला असेल का? आणि फोडावा का? (सातारा)

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, सरळ. तो सेकंड फ्लश असणार. मे-जूनमध्ये तुडतुडे कोवळ्या पानांतला रस शोषतात. झाड त्यावर उपाय म्हणून जे करतं, त्यातून त्या चहाला पिकल्या द्राक्षांसारखा गंध येतो. दार्जिलिंगची सगळी कीर्ती त्या गंधावर आहे. इतक्या वर्षांत त्यातला बराचसा गेला असेल. पुडा चंदेरी अस्तराचा, कुठे भोक नसलेला आणि अजून घट्ट असेल, तर चहा कोरडा असेल, प्यायला काही हरकत नसेल. चव मऊ, लाकडासारखी, थोडी मधाच्या बाजूची लागेल. बाबांनी सकाळी प्यायलेला तो चहा हा नसेल. हे आईला आधी सांगून ठेव, म्हणजे पहिल्या घोटाला ती दचकणार नाही.

दुसरा प्रश्न मला माझ्या घरातूनच ठाऊक आहे. दुकान २०१६ साली बंद केलं, तेव्हा ह्यांनी शेवटचं मिश्रण केलं होतं. आसामचे दोन, निलगिरीचा एक, प्रमाण त्यांच्या हाताला माहीत, कागदावर कधी नव्हतं. एक डबा मी कडेने चिकटपट्टी लावून बाजूला ठेवला. पुढे ते गेले. डबा तसाच. दर दिवाळीला पुसायचा आणि परत ठेवायचा.

जपानात मे महिन्यात खुडलेली पानं मातीच्या रांजणात भरून तोंड कागदाने चिकटवून बंद करतात आणि नोव्हेंबरात पाहुण्यांसमोर तो कागद कापून रांजण उघडतात. त्या समारंभाचं नावच कुचिकिरी, म्हणजे तोंड कापणं. यजमान रांजण पाहुण्यांच्या पुढे ठेवतो, ते तो न्याहाळतात आणि मग त्यातलाच चहा जात्यावर दळून सगळे पितात. हे कळलं त्या वर्षी, दिवाळी सरल्यावर, मी डब्याची चिकटपट्टी काढली. दीर, जाऊ, आमच्या दुकानात वीस वर्षं वजन करायला असलेला मुलगा (आता त्याचीच मुलं कॉलेजात आहेत), सगळ्यांना बोलावलं होतं. झाकण निघालं तेव्हा वास अगदी पुसट आला. त्या मुलाने डब्यात नाक घातलं आणि म्हणाला, "काकी, निलगिरी जरा जास्त घालायचे ते." प्रमाण मला त्या दिवशी कळलं. ह्यांना विचारून कधी कळलं नव्हतं. चहा फिका होता. आम्ही दोनदा करून प्यायलो.

म्हणून तू आईला फोडायचा आग्रह करू नकोस. बाबांबरोबर चहा पिणारं आणखी कोण कोण होतं, एवढं फक्त तिला विचार. ती नावं सांगायला लागली की दिवस ठरेल. त्या माणसांना बोलव.

पुडा कात्रीने वरच्या कडेलगत सरळ काप, फाडू नकोस, म्हणजे मळ्याचं नाव आणि लॉट क्रमांक शाबूत राहील. जुना चहा आहे, म्हणून कपाला एक चमचा न घेता सव्वा घे. पाणी उकळून मिनिटभर थांब, मग पानांवर ओत आणि झाकून चार मिनिटं ठेव. दूध-साखर बाजूला असू दे, पण पहिला कप कोरा. आईला आधी दे. उरलेला लहान डब्यात भर आणि पुढच्या महिन्याभरात रोज सकाळी, बाबांच्या वेळेला, थोडा थोडा करून तिच्याबरोबर संपव. रिकामा पुडा तिला हवा असेल तर घडी करून तिच्यापाशी ठेवू दे.